होमी भाभा स्पर्धेतला सर्वात सुंदर टप्पा
सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असलेली ‘डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा’ बहुतेक पालकांना माहीत असते ती लेखी पेपरामुळे. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने 1981 मध्ये ती सुरू केली. आज राज्यभरातल्या शाळांतून मुलं बसतात, मराठी माध्यमाचीही.

लेखीत निवडलेल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा होते. पाठ केलेली व्याख्या इथे कामाला येत नाही; हाताने मोजावं लागतं, निरीक्षण नोंदवावं लागतं. त्यापुढे मुलाखत आणि कृती संशोधन प्रकल्प. माझ्या मते स्पर्धेचा जीव या प्रकल्पात आहे! दिलेल्या विषयाला धरून मुलाने आपल्या परिसरातला एखादा प्रश्न शोधायचा, माहिती गोळा करायची आणि त्यावर स्वतः काहीतरी करून पाहायचं. समजा, शाळेच्या टाकीचा नळ गळतोय. खाली बादली ठेवा, तासाला किती पाणी साठतं ते मोजा, दुरुस्तीसाठी मुख्याध्यापकांना भेटा आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा. या वयातल्या मुलाला विज्ञान असं भेटलं की तो ते विसरत नाही.

शेवटी सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदकं मिळतात. तिथवर थोडीच मुलं पोचतात, पण प्रयोगवही सगळ्यांकडे राहते.

पालकांनो, एक कळकळीची विनंती. प्रकल्प तुम्ही करून देऊ नका, विकत तर मुळीच आणू नका. मुलाची आकडेमोड चुकली तर चुकू द्या, त्याला पुन्हा मोजायला सांगा.