गिनीपिगचा स्वस्त आणि स्वच्छ सांभाळ

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांतला प्राणी. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात. म्हणून आहाराचा मोठा हिस्सा वाळलेल्या गवताचा हवा. ते चावताना दात झिजतात, पोटही साफ राहते. रंगीबेरंगी मिश्र दाण्यांवरचा खर्च बहुतेक वायाच जातो. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. निरोगी प्रौढाला ते रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागते आणि ढोबळी मिरचीच्या फोडी, कोथिंबीर यांतून स्वस्तात मिळते. पाण्यात मिसळायचे थेंब मात्र लवकर निकामी होतात. फवारणी न झालेली हराळी तर फुकटच! लसूणघासात कॅल्शियम फार, तो पिल्लांना आणि गाभण माद्यांनाच द्यावा. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य.

पिंजऱ्याचा तळ जाळीचा नसावा, पायांना जखमा होतात. सपाट तळावर वर्तमानपत्रांचे थर आणि वर धुता येणारे फ्लीसचे कापड पुरते. ओला भाग रोज काढावा, सगळे अंथरूण आठवड्याला बदलावे. लघवीचे पांढरे डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात. अंघोळ सहसा लागत नाही.