जीव वाचला, पुढे काय?

डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णाचे नातेवाईक अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात तो एकच : "डॉक्टर, वाचेल ना?" हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. परंतु मेंदूच्या दुखापतीवरील शस्त्रक्रियांचे जे संशोधन २०११ पासून प्रसिद्ध झाले, त्याने या प्रश्नाशेजारी दुसरा प्रश्न आणून ठेवला आहे : वाचला, तर कसा जगेल? शल्यचिकित्सक, कौटुंबिक डॉक्टर आणि नातेवाईक या तिघांनीही तो वेळीच विचारला पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रौढ माणसाची कवटी ही एक बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूजल एवढ्याच गोष्टी असतात. त्यांपैकी एकीचे आकारमान वाढले, तर दुसऱ्या दोहोंना जागा सोडावी लागते. अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेले हे तत्त्व आजही मेंदूशल्यशास्त्राचा पाया आहे. अपघातानंतर मेंदूला सूज आली किंवा रक्ताची गाठ झाली, की काही काळ मेंदूजल व नीलांतील रक्त बाजूला सरून दाब सांभाळला जातो. ही सोय संपली, की दाब झपाट्याने चढतो, मेंदूचा रक्तपुरवठा घटतो आणि मूळ माराहूनही पुढची हानी अधिक घातक ठरते.

हा दाब उतरवण्यासाठी डोक्याकडील बाजू उंच ठेवणे, गुंगीची औषधे, कृत्रिम श्वसन, मॅनिटॉल किंवा तीव्र क्षारद्रावण हे उपाय योजतात. ते अपुरे पडल्यास कवटीच्या हाडाचा मोठा तुकडा काढून सुजलेल्या मेंदूला जागा करून देतात. हीच डीकॉम्प्रेसिव्ह क्रेनिएक्टमी. विसाव्या शतकाच्या आरंभी कोखर व कुशिंग यांनी या विचाराचा पुरस्कार केला. पेटी बंद आहे म्हणून दाब वाढतो, तर पेटीच उघडावी, हे तर्काला पटण्यासारखे होते. पण तर्काला पटते ते रुग्णाच्या हिताचे असतेच असे नाही, याची परीक्षा व्हायला शंभर वर्षे लागली.

२०११ मध्ये 'डेक्रा' या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १५५ प्रौढ रुग्णांत, दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या वर केवळ पंधरा मिनिटे राहिला तरी शस्त्रक्रिया करावी काय, असा प्रश्न होता. शस्त्रक्रियेने दाब उतरला, अतिदक्षता विभागातील दिवस कमी झाले. पण सहा महिन्यांनी वाईट अवस्थेत असलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ७० टक्के, तर औषधोपचाराच्या गटात ५१ टक्के निघाले. मृत्यूचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. दोन्ही बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद न देणारे रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात अधिक होते, आणि तो फरक हिशेबात घेतल्यावर निष्कर्षाची धार कमी झाली, हेही खरे. तरीही आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असे नव्हे, हा धडा मिळाला.

२०१६ ची 'रेस्क्यू-आयसीपी' ही ४०८ रुग्णांची चाचणी अधिक बोलकी आहे. येथे इतर उपाय करूनही दाब २५ मिलिमीटरच्या वर किमान तासभर राहिल्यावर, म्हणजे शेवटचा उपाय म्हणून, शस्त्रक्रिया केली गेली. सहा महिन्यांनी औषधोपचाराच्या गटातील मृत्यू ४८.९ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटातील २६.९ टक्के होते. म्हणजे शंभर रुग्णांमागे सुमारे २२ जण अधिक वाचले. त्या २२ जणांचे पुढे काय झाले? सुमारे सहा जण डोळे उघडे, पण भोवतालची जाण नाही अशा अवस्थेत राहिले. आठ जण दैनंदिन गोष्टींसाठी पूर्णतः दुसऱ्यांवर अवलंबून राहिले. उरलेले आठ जण निदान घरात स्वतंत्रपणे वावरू शकले किंवा त्याहून बरे झाले. नातेवाइकांना 'ऑपरेशन यशस्वी झाले' असे सांगताना हे तिन्ही गट आपल्या डोळ्यांपुढे असावयास हवेत.

२०२३ मधील 'रेस्क्यू-एएसडीएच' या चाचणीत भारतीय रुग्णालयांचाही सहभाग होता. मेंदूवरील आवरणाखाली साचलेले ताजे रक्त काढल्यावर हाड परत बसवावे की बाहेर ठेवावे, एवढाच प्रश्न होता. वर्षाअखेरची स्थिती दोन्ही गटांत सारखीच आढळली. हाड बसवलेल्यांत पुन्हा शस्त्रक्रियेची गरज अधिक पडली, तर हाड काढलेल्यांत जखमेच्या तक्रारी अधिक होत्या. मेंदू फार सुजला नसेल व हाड सहज बसत असेल, तर ते परत बसवावे, हा त्याचा व्यवहारी अर्थ.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ हाच खरा कसोटीचा. काढलेले हाड पोटाच्या त्वचेखाली किंवा अतिशीत पेटीत जपून ठेवतात. हाड नसलेल्या बाजूला पडणे, आपटणे टाळावे लागते. काही रुग्णांत ती जागा खोल जाते, डोकेदुखी, चक्कर, हातापायांतील अशक्तपणा वाढतो, आणि हाड पुन्हा बसवल्यावर तो कमीही होतो. मेंदूजल साचल्यास सुधारत असलेला रुग्ण अचानक सुस्त होऊ लागतो. झटके टाळण्यासाठी दिलेली औषधे पहिल्या आठवड्यातील झटके रोखतात. उशिरा येणारे झटके त्यांनी टळत नाहीत, म्हणून झटका न आलेल्या रुग्णाला ती वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचे कारण नाही. या बाबी सर्वप्रथम लक्षात येतात त्या घरी येणाऱ्या कौटुंबिक डॉक्टरांच्या.

मात्र, निराशाही घाईची नसावी. 'रेस्क्यू-आयसीपी'तील रुग्णांचा पाठपुरावा चोवीस महिन्यांपर्यंत केला, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांत काळाबरोबर सुधारणा होण्याची शक्यता अधिक दिसली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, दोन आठवड्यांनंतरही भान न आलेल्या व पुढे जगलेल्या रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वर्षभरात शुद्धीवर आले. स्थळकाळाचे भान मात्र चौघांपैकी एकालाच परत मिळाले. पहिल्या पंधरवड्यात 'आता काही उरले नाही' असे म्हणू नये, आणि 'सगळे पूर्ववत होईल' असेही म्हणू नये.

मग नातेवाइकांना सांगावे काय? शस्त्रक्रियेपूर्वीच, शांतपणे, त्यांच्या मातृभाषेत तीन गोष्टी सांगाव्यात : ही शस्त्रक्रिया जीव वाचवू शकते, मार लागताना झालेली हानी ती भरून काढत नाही, आणि पुढची एक-दोन वर्षे घर हेच रुग्णालय होणार आहे. व्यायाम, वाचोपचार, पोषण, शय्याव्रणांची काळजी, स्वभावातील बदल सोसण्याची मनाची तयारी, हे सारे शस्त्रक्रियेइतकेच उपचार आहेत. घरात एकटी कमावती व्यक्ती जायबंदी झाली असेल, तर खर्चाचा विचारही याच वेळी व्हावा.

येथे आपल्या संघटनेला करण्याजोगे काम आहे. शहरातील भौतिकोपचारतज्ज्ञ, वाचोपचारतज्ज्ञ, शुश्रूषा करणाऱ्या व्यक्ती आणि साहित्य भाड्याने देणाऱ्या संस्था यांची एक यादी प्रत्येक सभासदाकडे असावी. रुग्णाला घरी पाठवताना शल्यचिकित्सकाने कौटुंबिक डॉक्टरांना हाड कोठे ठेवले आहे, ते केव्हा बसवायचे आणि कोणत्या लक्षणांवर तातडीने परत पाठवायचे, एवढे तरी लिहून द्यावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. एक कागद आणि थोडी तत्परता पुरते.