ठिपक्याची ओळख

धारवाडजवळच्या केलगेरी तळ्यावरून एखादे विमान गेले, तर ते आपले की परके असा प्रश्न काठावर बसलेल्या कुणाला पडत नाही. हवाई दलाला तो प्रत्येक विमानाबाबत पडतो, आणि नुसत्या रडारने तो सुटत नाही.

प्राथमिक रडारच्या लहरी विमानावर आपटून परततात. त्यातून ठिपक्याचे अंतर आणि दिशा कळते, नाव कळत नाही. दुय्यम रडार 1030 मेगाहर्ट्झवर विचारणा करते. विमानातला ट्रान्सपॉन्डर 1090 वर चार आकडी कोड आणि उंची कळवतो. पण ट्रान्सपॉन्डर बंदही करता येतो. म्हणून कागद लागतो. विमानतळ प्राधिकरणाचा नियंत्रण कक्ष उड्डाणाची योजना हवाई दलाच्या संपर्क तुकडीला देतो, आणि तिथून एअर डिफेन्स क्लिअरन्सचा क्रमांक येतो. ठिपका योजनेशी जुळला की विमान ओळखीचे!

ओळखीचे म्हणजे निर्धोक नव्हे, हे 17 डिसेंबर 1995 च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात कळले. कराचीहून वाराणसीमार्गे कोलकात्याकडे निघालेल्या अँटोनोव्ह-26 कडे रीतसर परवानगी होती, आणि वाटेत त्याने पॅराशूटने रायफली गावांवर टाकल्या. रडार काय करणार? कटाची खबर ब्रिटनकडून आपल्या गुप्तचरांपर्यंत आधीच पोचली होती. पश्चिम बंगाल सरकारला सावध करणारे पत्र मात्र रजिस्टर पोस्टाने गेले आणि शस्त्रे पडून गेल्यावर मिळाले. काही दिवसांनी हवाई दलाने तेच विमान मुंबईत उतरवले, तर कटातला मुख्य संशयित किम डेव्ही विमानतळावरूनच निसटला. माझ्या मते आभाळातले काम चोख झाले. घोळ दोन्ही वेळा जमिनीवरच्या खात्यांमध्ये झाला.

आता भारत इलेक्ट्रॉनिक्सची आयएसीसीएस प्रणाली लष्करी आणि नागरी रडारांची माहिती एकाच पडद्यावर आणते. मे 2025 मध्ये पाकिस्तानशी झालेल्या संघर्षाच्या काळात उत्तर आणि पश्चिम भारतातले 32 विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद ठेवले होते. नागरी विमाने कमी झाली की अनोळखी ठिपका वेगळा काढणेही सोपे जाते.

ड्रोनने हा हिशेब पुन्हा अवघड केला. पृथ्वी गोल, त्यामुळे 100 मीटर उंचीवरची वस्तू जमिनीलगतच्या रडारला साधारण 40 किलोमीटरपलीकडे दिसतच नाही; 25 मीटरवर हे अंतर निम्मे होते. त्यात ड्रोन लहान. अशा वेळी जमिनीवरची बंदीही कामी येते. 2021 च्या ड्रोन नियमांनी पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यालाही एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल विभाग, म्हणजे ड्रोनबंदीचा भाग, जाहीर करण्याचा अधिकार दिला आहे. धारवाडात मोठी सभा असली, तर मैदानावर ड्रोन उडू द्यायचे की नाही हे हवाई दलाच्या आधी पोलीसच ठरवू शकतात.