बटण सापडलं, पण कुठे?

इंग्लंडमधल्या शेतात मेटल डिटेक्टर वाजतो आणि मातीतून कथलाचं करडं बटण निघतं. त्यावरचा आकडा पलटणीचा. १७६७ पासून ब्रिटिश पायदळ शिपायांच्या बटणांवर हे क्रमांक आले. १८७१ मध्ये ते जाऊन बहुतेकांना राजचिन्हाचं एकच बटण मिळालं. म्हणजे काळ बटणच सांगतं. पण तिथे काय घडलं, हे जागाच सांगते. म्हणून उचलण्याआधी जागेची नोंद हवीच.

एका बटणाने इतिहास थोडाच बदलतो, असं कुणी म्हणेल. एकट्याने नाहीच. पण १९८४ मध्ये अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्न रणभूमीवर पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरने सापडलेली काडतुसं, गोळ्या, बटणं जागेनिशी नकाशावर मांडली, तेव्हा १८७६ च्या लढाईतल्या हालचाली उलगडल्या. जागा हरवलेलं बटण संग्रहाची शोभा वाढवेल. साक्ष मात्र अर्धीच देईल.