उपचारगृहाचे दार ओलांडल्यावर

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. व्यसनी मनुष्याविषयी बोलणे निघाले की ती हटकून कोणाच्या तरी तोंडी येते. एखादा मद्यपी गृहस्थ उपचारगृहात राहून चांगला बरा होऊन परततो, घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि महिना-दोन महिने लोटतात न लोटतात तोच त्याची पावले पुन्हा गुत्त्याकडे वळतात. मग शेजारीपाजारी म्हणतात, "आम्हांस ठाऊकच होते." सारा दोष त्याच्या स्वभावास दिला की सर्वजण मोकळे होतात.

या नित्याच्या प्रसंगाकडे एका अमेरिकन अभियंत्याने निराळ्या दृष्टीने पाहिले. त्याचे म्हणणे असे की, मनुष्य दुबळा आहे एवढे सांगून काहीच साधत नाही. तो पडला तो कोणत्या जागी, कोणत्या वेळी, आणि त्या वेळी त्याच्याजवळ कोण होते, हे आधी विचारले पाहिजे. या अभियंत्याचे नाव डेव्हिड गुस्ताफसन. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील विद्यापीठात त्यांनी आपल्या आयुष्याची अनेक दशके याच प्रश्नाच्या उत्तरासाठी वेचली. आज व्यसनमुक्तीच्या कामी संगणक व स्मार्टफोन यांचा जो उपयोग होऊ लागला आहे, त्याच्या उभारणीत त्यांचा वाटा फार मोठा आहे.

गुस्ताफसन हे वैद्य नव्हेत. त्यांचा विषय औद्योगिक अभियांत्रिकी. कारखान्यात कच्चा माल एका दाराने आत येतो आणि तयार वस्तू दुसऱ्या दाराने बाहेर पडते. मधल्या वाटेवर माल कोठे अडतो, कोठे वाया जातो, कोणाचे श्रम व्यर्थ जातात, हे शोधून ती वाट सुधारणे हे या शास्त्राचे काम. या शास्त्राचा एक मोठा गुण असा की, चूक आढळली असता ते प्रथम माणसावर बोट ठेवीत नाही. कामाच्या मांडणीत दोष कोठे आहे, हे ते पाहते. हीच दृष्टी गुस्ताफसन यांनी रुग्णालयात नेली.

त्यास पोषक असे वातावरण त्या विद्यापीठात होतेच. 1966 साली तेथील डॉक्टर वॉर्नर स्लॅक व त्यांचे सहकारी यांनी एक लेख प्रसिद्ध केला. संगणकाने पडद्यावर प्रश्न विचारावेत, रुग्णाने स्वतः कळ दाबून उत्तरे द्यावीत, आणि अशा रीतीने त्याच्या दुखण्याची हकीकत नोंदवली जावी, अशी ती योजना होती. संगणक म्हणजे खोली अडविणारे अवजड यंत्र असा तो काळ. त्या काळी ही कल्पना धाडसाचीच म्हटली पाहिजे. पुढे 1973 साली गुस्ताफसन व त्यांचे मानसोपचारतज्ज्ञ सहकारी यांनी आत्महत्येच्या धोक्याचा अंदाज घेणारी संगणकीय प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुष्कळ वेळा मनुष्य जे समोरच्या माणसास सांगताना लाजतो, ते यंत्रास निःसंकोच सांगतो. यंत्र कपाळाला आठ्या घालीत नाही आणि घाईतही नसते. लज्जा हा ज्या रोगाचा मोठा सोबती आहे, त्या व्यसनाच्या बाबतीत या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

1980 नंतरच्या दशकात या मंडळींनी शाळकरी मुलांसाठी संगणकावर एक कार्यक्रम तयार केला. मद्य, तंबाखू, आहार, मनावरील ताण इत्यादी विषयांची माहिती मुलांनी कोणास न विचारता आपली आपण मिळवावी, हा त्याचा हेतू होता. त्याच दशकाच्या अखेरीस 'चेस' या नावाची मोठी योजना आकारास आली. गंभीर दुखणे झालेल्या रुग्णाच्या घरी संगणक नेऊन ठेवावयाचा, आणि त्यावर रोगाची विश्वसनीय माहिती, तज्ज्ञांस प्रश्न विचारण्याची सोय आणि त्याच रोगाने ग्रासलेल्या इतर रुग्णांशी बोलण्याची सोय करून द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते.

स्तनाच्या कर्करोगाचे नुकतेच निदान झालेल्या, साठीच्या आतील 246 स्त्रियांवर या योजनेची परीक्षा झाली व तिचा वृत्तान्त 2001 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना संगणक मिळाला होता त्या स्त्रिया माहिती मिळविण्यात अधिक समर्थ झाल्या, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलू लागल्या, आणि पाच महिन्यांनंतर आपल्याला आधार आहे असे त्यांना अधिक वाटू लागले. यातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. शिक्षण कमी असलेल्या व आरोग्यविमा नसलेल्या स्त्रियांस या साधनाचा लाभ सुस्थितीतील स्त्रियांपेक्षा अधिक झाला. नवे यंत्र म्हणजे श्रीमंतांचे खेळणे, हा समज येथे खोटा ठरला. ज्याच्या दाराशी आधी कोणीच येत नव्हते, त्यालाच दारी आलेल्या मदतीची किंमत अधिक.

येथून गुस्ताफसन व्यसनाच्या उपचाराकडे वळले. परंतु त्यांनी लगेच नवे यंत्र पुढे केले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 2003 साली त्यांच्या पुढाकाराने 'नायाटेक्स' नावाचे एक जाळे सुरू झाले. व्यसनमुक्तीच्या संस्थांनी एकमेकींपासून शिकून आपला कारभार सुधारावा, हा त्याचा उद्देश. त्यातील पहिला पाठ अगदी साधा होता. संस्थेच्या अधिकाऱ्याने स्वतःच रुग्ण व्हावयाचे. दूरध्वनी करून वेळ मागावयाची, कागद भरावयाचे, बाकावर बसून वाट पाहावयाची, आणि आपल्याच संस्थेत आपणांस कसे वागविले जाते ते अनुभवावयाचे. या फेरीत पुष्कळांचे डोळे उघडले. कोठे सेवकांची वागणूक तुटक होती; कोठे कागदपत्रांचे ओझे असह्य होते; कोठे रुग्णाच्या नोकरीचा व मुलाबाळांचा विचारच कोणी केला नव्हता.

व्यसनी मनुष्य मदत मागावयास तयार होतो तो क्षण मोठा दुर्मिळ असतो. त्या क्षणी 'तीन आठवड्यांनी या' असे उत्तर मिळाले, तर तीन आठवड्यांनी येणारा मनुष्य तोच राहत नाही. बहुधा तो येतच नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवरून असे दिसते की, या जाळ्यातील संस्थांनी पहिल्या संपर्कापासून उपचार सुरू होईपर्यंतचा सरासरी अवधी 19.6 दिवसांवरून 12.4 दिवसांवर आणला. यासाठी कोणतेही नवे औषध शोधावे लागले नाही. अडथळे तेवढे दूर करावे लागले.

असो. दार उघडले, रुग्ण आत आला, उपचारही झाले. आता प्रश्न उरला तो दार ओलांडून बाहेर पडल्यानंतरचा. शाळेत गुरुजींच्या देखत मुलगा गणित बिनचूक सोडवितो, आणि घरी एकटा बसला म्हणजे त्याला काही सुचत नाही. उपचारगृहातून सुटलेल्या मनुष्याची अवस्था अशीच होते. आत त्याला वेळापत्रक असते, सल्लागार असतो, सोबती असतात, आणि मद्य दृष्टीस पडत नाही. बाहेर पडताच यांपैकी एकेक आधार गळतो. संध्याकाळ होते, पगाराचा दिवस येतो, घरात शब्दाने शब्द वाढतो, जुना मित्र हाक मारतो. आणि सल्लागाराची पुढली भेट तर गुरुवारी असते.

या मधल्या रिकाम्या जागेसाठी गुस्ताफसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ए-चेस' हे साधन तयार केले. ते स्मार्टफोनवर चालते. त्यावर इतर रुग्णांशी बोलण्याची सोय असते, धीर देणाऱ्या अनुभवकथा असतात, मन शांत करण्याचे उपाय असतात. दर आठवड्यास ते रुग्णास काही प्रश्न विचारते: झोप कशी लागते, मन कसे आहे, कोणाशी भांडण झाले काय, पिण्याची इच्छा किती झाली. या उत्तरांवरून घसरण्याची चिन्हे दिसू लागली, तर सल्लागारास वेळीच सूचना मिळू शकते. ज्या गुत्त्यात आपले पूर्वी नित्य जाणे असे, ती जागा रुग्णाने स्वतः नोंदवून ठेवली असेल, तर उपग्रहांच्या साहाय्याने ठिकाण ओळखणारा फोन तो तिच्या जवळ येताच त्याला सावध करतो. आणि अगदीच धीर सुटला, तर दाबण्यासाठी एक संकटाची कळ असते. ती दाबली की रुग्णाने स्वतः निवडलेल्या विश्वासू माणसांपर्यंत त्याची हाक पोहोचते.

कल्पना कितीही चांगली असली तरी परीक्षेवाचून तिला मोल नाही. उपचारगृहात दाखल झालेल्या 349 मद्यासक्त रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी करण्यात आली. 179 जणांस नेहमीचे उपचार मिळाले. 170 जणांस त्याच उपचारांबरोबर ए-चेस असलेला फोन आठ महिन्यांसाठी देण्यात आला. त्यानंतर आणखी चार महिने सर्वांची विचारपूस चालू राहिली. दोन तासांच्या आत पुरुषाने चार पेल्यांहून अथवा स्त्रीने तीन पेल्यांहून अधिक मद्य घेणे, यास धोक्याचे मद्यपान म्हणावयाचे असे ठरले होते. पेल्याचे मापही ठरलेले होते. त्यात 14 ग्रॅम शुद्ध मद्यार्क धरला होता. 2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मागील तीस दिवसांत धोक्याचे मद्यपान केलेले दिवस नेहमीच्या गटात सरासरी 2.75 भरले, तर फोन मिळालेल्या गटात 1.39.

हा फरक ऐकून कोणी म्हणेल, महिन्यातला सव्वा-दीड दिवस वाचला, त्यात काय मोठेसे? परंतु ज्या घरात असा दिवस उजाडतो, त्या घरास त्याची किंमत विचारावी. एका रात्रीत नोकरी जाते, अपघात होतो, मुलांच्या मनावर कायमचा ओरखडा उठतो. शिवाय ही सरासरी आहे. कित्येकांच्या वाट्यास असा दिवस आलाच नाही, तर कित्येकांच्या वाट्यास पुष्कळ आले. हे आकडे रुग्णांनी स्वतः सांगितलेले होते, हेही विसरता कामा नये. म्हणून या साधनास रामबाण म्हणणे चुकीचे, आणि निरुपयोगी म्हणणे त्याहून चुकीचे.

पुढे हे साधन सामान्य दवाखान्यांत नेण्याचा प्रयत्न झाला. मॅडिसन, मिसूला व न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स येथील तीन दवाखान्यांतून 268 रुग्णांस ते देण्यात आले, आणि त्या योजनेस चक्क 'सेवा' असे आपल्या परिचयाचे नाव ठेवण्यात आले. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार वर्षभरात धोक्याच्या मद्यपानाचे दिवस 44 टक्क्यांनी व अमली पदार्थांच्या सेवनाचे दिवस 34 टक्क्यांनी घटले. मात्र येथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे घट झाली ती सर्वस्वी या साधनानेच झाली, असे म्हणता येणार नाही.

या कामातील खरी अडचण शास्त्राची नसून पैशाची व चिकाटीची आहे. याची साक्ष दुसऱ्या एका साधनाच्या इतिहासात मिळते. वॉरन बिकल व लिसा मार्श या संशोधकांच्या कामातून निघालेल्या 'रीसेट' नावाच्या साधनास 2017 साली अमेरिकन सरकारच्या औषध नियामक खात्याने मान्यता दिली. व्यसनाच्या उपचारासाठी मान्यता मिळालेले हे अशा प्रकारचे पहिलेच साधन. 399 रुग्णांवरील परीक्षेत ते वापरणाऱ्यांपैकी 40.3 टक्के, तर न वापरणाऱ्यांपैकी 17.6 टक्के लोक व्यसनापासून दूर राहिले होते. एवढे असूनही ते विकणाऱ्या पेअर थेराप्युटिक्स या कंपनीने 2023 साली दिवाळे काढले. डॉक्टरांनी साधन लिहून दिले तरी त्याचे पैसे द्यावयास विमा कंपन्या सहजी पुढे येत ना. गुण सिद्ध होणे निराळे, आणि ती वस्तू रुग्णाच्या हाती पडणे निराळे. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनीही घातक मद्यपान करणाऱ्यांसाठी मोबाइलवरून लहान लहान संदेश पाठविण्याचा उपाय तयार केला आहे. अशा प्रयत्नांपुढेही हाच प्रश्न उभा राहणार.

आणखी एक शंका पुष्कळांच्या मनात येते. मनुष्य कोठे जातो, किती पितो, हे यंत्रास कळू देणे कितपत इष्ट? ही शंका रास्त आहे. ज्याच्या हाती ही माहिती पडेल, तो तिचा दुरुपयोग करू शकेल. म्हणूनच कोणती जागा नोंदवावी व आपली उत्तरे कोणास दिसावीत, हे ठरविण्याचा अधिकार रुग्णाच्याच हाती राहिला पाहिजे. पाळत आणि सोबत यांतील अंतर या एका अधिकारावर अवलंबून आहे.

गुस्ताफसन यांच्या कामाकडे एकत्र पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यांच्या यंत्राने माणसाची जागा कधी घेतली नाही. कर्करोगाच्या योजनेत रुग्णांनी सर्वाधिक उपयोग केला तो एकमेकींशी बोलण्याच्या सोयीचा. आणि ए-चेसमधील संकटाची कळ दाबली असता जे येते ते अखेर माणूसच. यंत्राचे काम एवढेच की, ते माणूस वेळेवर यावे.

तेव्हा जित्याची खोड जात नाही, असे म्हणण्यापूर्वी घरच्या मंडळींनी एक प्रश्न स्वतःस विचारावा. तो घरी परतल्यावर त्याच्या कठीण वेळा कोणत्या, आणि त्या वेळी तो कोणास हाक मारू शकेल? ती नावे आधी ठरवून त्याच्याजवळ लिहून ठेवावीत. त्यासाठी स्मार्टफोन असेल तर उत्तम. नसेल तर कागदाचा एक तुकडाही चालेल.