नेट अडतं कुठे?

शारजातल्या टॉवरमध्ये रात्री मालिका बघताना चक्र फिरत राहतं आणि संशय हॅकरवर जातो. राउटरच्या नोंदीत अनोळखी पत्ते दिसले की तो पक्काच! पण इंटरनेटवरची यंत्रं दिवसभर सगळ्यांचीच दारं अशी वाजवत हिंडतात. कडी लावलेली असली की झालं. खरा अडथळा बहुधा शेजारी असतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम ३, आणि राउटर मात्र घरटी एक. लॅपटॉप केबलने राउटरला जोडून पाहा. नेट सुरळीत चाललं तर दोष वायफायचा. ५ गिगाहर्ट्झवर जा. केबलवरही अडखळलं तर कंपनीला फोन करा.

कधी बिघाड समुद्रात असतो. फेब्रुवारी २००८मध्ये दुबईजवळ फाल्कन ही समुद्राखालची इंटरनेट केबल तुटली, तेव्हाही घातपाताची कुजबुज झाली. दुरुस्तीला गेलेल्यांना तिथे सापडला ५-६ टनांचा बेवारस नांगर.