उसात काहीतरी आहे

दिवस मावळताना नगर जिल्ह्यातल्या एखाद्या आडसाली उसाच्या फडापाशी उभे राहा. ऊस दीड-दोन पुरुष उंच, सरीत वाळलेलं पाचट. चार हातांपलीकडचं दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. पाचट वाजतं. वारा असेल, उंदीर असेल, मुंगूस असेल. की आणखी काही? घडलेलं काहीच नाही, तरी अंगावर काटा!

विशाल फुरिया यांनी २०१७ च्या ‘लपाछपी’त नेमकं हेच हेरलं. गरोदर नायिका उसाने वेढलेल्या घरात येते आणि हिरव्यागार पिकानेच आपली पाचावर धारण बसते. पडका वाडा नाही, वटवाघळं नाहीत. ऊस पुरतो.

पण घाबरण्याच्याही जाती आहेत. सगळ्यात स्वस्त जात दचक्याची. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री निर्मनुष्य रस्त्याने चाललीये. मागून पावलांचा आवाज. मग तोही थांबतो. आता झडप पडणार, असं वाटतं न वाटतं तोच फस्सकन आवाज होतो... आणि समोर येऊन थांबते चक्क बस! निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून या युक्तीला आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. (आपली एसटी हे रोज फुकटात करते, ते सोडा.) मौज म्हणजे दचकताना मेंदूचा विचारी भाग कामालाच लागलेला नसतो. साधारण सेकंदाच्या विसाव्या हिश्शात पापण्या मिटतात, कारण हुकूम थेट मेंदूच्या बुंध्यातून सुटतो. तुम्हाला पत्ता लागतो तो नंतर.

धास्तीचं तंत्र उलटं. तिला वेळ द्यावा लागतो. पुढे काय होईल याचे अंदाज मेंदू सतत बांधत असतो. उसात त्याला आवाज मिळतात, नजरेचा पुरावा मिळत नाही. मग मोकळ्या जागा तो स्वतःच भरतो, आणि भरताना सगळ्यात वाईट शक्यता आधी उचलतो. यात वेडेपणा आहे का? उंदराला बिबट्या समजलात तर चार पावलं फुकट पळाल. बिबट्याला उंदीर समजलात तर?

आणि बिबट्या खरोखर असतो! विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या शेतशिवारात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशोब असा: १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसं. तेही जिथे एकेका चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहतात अशा मुलखात. म्हणजे इथल्या धास्तीला सातबारा आहे म्हणायचा.

किळस ही आणखी निराळी जात. नारायण धारपांच्या कथेवरून प्रेरणा घेतलेल्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) अंगातून झाड उगवलेली, तरीही जिवंत असलेली आजी दिसते, तेव्हा पळावंसं वाटत नाही, पोटात ढवळतं.

या जाती मेंदूतही वेगळ्या असतात का? इथे भेटते ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी अमेरिकन बाई. दुर्मीळ आजाराने तिच्या मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग निकामी झाला. संशोधकांनी तिला भयपट दाखवले, ढिम्म. केंटकीतल्या एका भुतांच्या खेळघरात नेलं, तर बाई सगळ्यांच्या पुढे! राक्षस बनलेल्या नटाच्या डोक्याला तिने कुतूहलाने बोट लावलं, तेव्हा दचकला तो नटच.

मग तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास दिला. बाईची गाळण उडाली! तोंडावरचा मास्क काढा म्हणून ती हात झाडू लागली. बाहेरून येणाऱ्या धोक्याची वाट बंद होती, आतून येणाऱ्या गुदमरण्याची उघडी. अमिग्डाला नसलेल्या आणखी दोन जुळ्या बहिणींचंही तेच झालं. आणि धडधाकट मेंदूच्या १२ जणांपैकी असा झटका किती जणांना आला? फक्त तिघांना. घाबरवणारा म्हणून बदनाम झालेला हा बदाम काही भीतींना वेसणही घालत असावा.